आतड्याचा जोड आणि घरचं ताट

डिस्चार्जच्या कागदावर औषधांनी पाऊण पान व्यापलं होतं. कोणती गोळी उपाशीपोटी, कोणती जेवणानंतर, सगळं तपशीलवार. जेवण कोणतं, हे मात्र एका ओळीत आटोपलेलं: सॉफ्ट, लो-रेसिड्यू डाएट. वॉर्डातल्या मुलाला विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, "अंकल, हल्का खाना." आता हलकं म्हणजे काय, याबद्दल इंदुरात एकमत होणं अवघड. आमच्याकडे पोहे-जिलबीलाही हलका नाश्ता म्हणतात.

हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, गुदाशयातली गाठ काढून दीड वर्ष होत आलं. तेव्हापासून राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगरातून फोन येतात. "काका, बाबांना भाकरी चालेल का?" "आईला कालपासून जुलाब होताहेत, नारळपाणी देतोय, बरोबर ना?" मी डॉक्टर नाही. 31 वर्षं पाणीपुरवठ्याच्या लाईनीवर काढलेला इंजिनियर आहे. पण डॉक्टरांना, आहारतज्ज्ञ बाईंना आणि स्टोमा नर्सना (पोटावरच्या पिशवीची काळजी घ्यायला शिकवणाऱ्या) इतके प्रश्न विचारले, आणि एकदा अशी सणसणीत चूक केली, की आता उत्तरं पाठ झालीत. ती एकदा लिहून काढावीत म्हणून हा लेख.

आत नेमकं काय झालेलं असतं?

लहान आतडं साधारण 6 मीटर लांब, मोठं आतडं साधारण दीड मीटर. लहान आतड्यात अन्न पचतं आणि रक्तात शोषलं जातं. मोठ्या आतड्याचं मुख्य काम उरलेलं पाणी आणि मीठ खेचून घ्यायचं आणि मळ घट्ट करायचा. शेवटी गुदाशय, म्हणजे साठवणीची टाकी. ती भरेपर्यंत आपल्याला संडासची आठवण होत नाही.

ऑपरेशनमध्ये बिघडलेला तुकडा कापून दोन टोकं टाक्यांनी किंवा स्टेपलरनं जोडतात. वैद्यकीय भाषेत याला ॲनास्टोमोसिस म्हणतात. आपण जोड म्हणू. पाईपलाईनवाल्याला हे लगेच कळतं. जलूदहून इंदूरला येणारी नर्मदेची 70 किलोमीटरची लाईन कुठे फुटली की आम्ही तुकडा बदलायचो, पण जोड मारल्या मारल्या पूर्ण प्रेशर कधी सोडायचो नाही.

पण कोणता तुकडा काढला, यावर पुढचं सगळं ठरतं. शेजारच्याला जे चाललं ते आपल्याला चालेलच असं नाही, त्याचं कारण हेच. उजव्या बाजूचं मोठं आतडं काढताना लहान आतड्याचं शेवटचं टोकही थोडं जातं. बी-12 जीवनसत्त्व आणि पित्तातली आम्लं तिथेच शोषली जातात. मग पित्त पुढे सांडतं आणि पातळ, घाईची संडास होते. त्यावर वेगळं औषध असतं, पथ्य पाळून ती थांबत नाही. गुदाशय काढला तर टाकीच गेली. पाणी थेट लाईनीतून, म्हणजे दिवसातून सात-आठ वेळा. म्हणून घरी येण्याआधी सर्जनला चार गोष्टी विचाराव्यात आणि वहीत लिहून घ्याव्यात: कोणता भाग काढला, किती काढला, जोड कुठे आहे, आणि मळासाठी पोटावर पिशवी लावली असेल तर ती तात्पुरती की कायमची. आम्ही चौथी तेवढी विचारली. पहिल्या तीन सुचल्याच नाहीत.

"गैस पास हुई?"

या वॉर्डात नमस्कार-चमत्काराऐवजी हाच प्रश्न ऐकू येतो. राऊंडवर डॉक्टर विचारतात, नर्स विचारते, शेवटी समोरच्या खाटेवरचे काकाही विचारू लागतात. एरवी चारचौघांत ज्या गोष्टीनं मान खाली जावी, तिच्याबद्दल इथे अभिनंदन होतं.

कारण असं, की हाताळलेलं आतडं काही काळ बधिर होऊन पडतं. भूल, वेदनाशामकं आणि सूज, सगळ्याचा परिणाम. या झोपेला इलिअस म्हणतात. लहान आतडं साधारण दिवसभरात जागं होतं, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठं आतडं सगळ्यात आळशी, दोन-तीन दिवस घेतं. गॅस सरला म्हणजे शेवटच्या स्टेशनापर्यंत गाडी चालू झाली.

पूर्वी ती बातमी येईपर्यंत पेशंटला पाण्याचा थेंब देत नसत. आता बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी घोट-घोट पाणी, मग चहा, मग पातळ अन्न सुरू करतात, खुर्चीत बसवतात, चालवतात. या बदलामागे 1990च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट या सर्जननी मांडलेला विचार आहे: उपाशी ठेवून आणि झोपवून ठेवून माणूस लवकर बरा होत नाही. काही ठिकाणी च्युइंगम चघळायला देतात. तोंड चालू लागलं की मेंदूला वाटतं जेवण आलं, आणि तो खाली निरोप धाडतो. दुसऱ्या दिवशी हिच्या हातात चहाचा कप पाहून सासूबाईंनी नर्सला जे सुनावलं, ते इथे लिहिण्याजोगं नाही.

पण जोडावरून अन्न गेलं तर तो उसवणार नाही का?

सासूबाईंचा मुद्दा हाच होता, आणि तो वेडगळ नाही. माझ्याही मनात तोच होता.

उत्तर असं, की आपण काही खाल्लं नाही तरी जोड कोरडा नसतोच. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा पाझर मिळून रोज 6-7 लिटर द्रव शरीर आतड्यात ओततं. आपण पितो ते दोनेक लिटर धरलं तर 8-9 लिटर. चार चमचे मऊ भातानं त्यात काय भर पडणार? उलट आतड्याच्या अस्तराला पोषण मिळतं ते बरंचसं थेट अन्नातूनच.

इथे माझी पाईपलाईनची उपमा तुटते, आणि ते कबूल करायला हवं. लोखंडाचा जोड स्वतःहून मजबूत होत नाही. आतड्याचा होतो. पहिल्या काही दिवसांत तो सगळ्यात नाजूक असतो, जुन्या पेशी विरघळतात आणि नवा धागा विणला जायचा असतो. जोड गळायचा असेल तर बहुधा पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत गळतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा ताटात नसतं. रक्तपुरवठा, ताण, धूम्रपान, आधीचं कुपोषण अशी कारणं असतात. हे मी मुद्दाम लिहितोय. एका घरी जोड गळला आणि त्या बाई वर्षभर स्वतःला कोसत राहिल्या, "मी उपमा दिला म्हणून." उपम्यानं जोड गळत नाही.

फायबर तर चांगलं ना? मग आताच का नको?

आयुष्यभर ऐकलं, सालासकट खा, कोशिंबीर खा, मैदा म्हणजे विष. आणि आता डॉक्टर म्हणतात पांढरा ब्रेड द्या, मऊ भात द्या, गव्हाचा कोंडा नको. हिच्या शब्दांत, "मैद्याला पहिल्यांदाच वैद्यकीय मान्यता मिळाली."

रेसिड्यू म्हणजे पचून उरणारा चोथा. जोडाभोवती सूज असते, आतला मार्ग काही आठवडे अरुंद असतो आणि आतड्याचा जोरही कमी. रस्त्याचं काम चालू असताना राजवाड्याच्या बाजूला फक्त दुचाक्या सोडतात, ट्रक नाही, तसंच. ट्रक वाईट नसतो, त्याची वेळ नसते. साधारण चार ते सहा आठवडे हा नियम चालतो, नेमकं किती ते सर्जन सांगतात.

आमच्या घरी सगळ्यात कठीण प्रश्न पोह्यांचा होता. रविवारी सकाळी पोहे नाहीत म्हणजे काय! आहारतज्ज्ञ बाई इथल्याच. त्यांनी इंदुरी पोह्यांची चक्क उलटतपासणी घेतली. भिजवलेले, वाफवलेले पोहे मऊ, चोथा नगण्य; निर्दोष. पण वर काय असतं? सेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे, आत बडीशेप, दाणे आणि वरून जिरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला. आरोपी सगळे वरचे. तर सहा आठवडे हिनं हळद-मीठ-लिंबाचे, तुपात परतलेले, विधवा दिसणारे पोहे खाल्ले. ("विधवा" हा शब्द हिचा. मी दचकलो, ही हसली.)

याच चाळणीतून बाकीचं गाळता येतं. वरण-भात, सालं काढलेल्या मुगाची खिचडी, इडली, रव्याचा साधा उपमा, सोलून बिया काढलेला दुधी, लाल भोपळा, बटाटा, पिकलं केळं, पनीर, अंडं, दही चालतं. ज्वारीची भाकरी, मेथी-पालकाचे देठ, गवार, शेवगा, मटकी, पेरू, कच्ची काकडी थांबते. साबुदाण्याची पेज चालते, पण खिचडीत दाण्याचा कूट असतो. मका आणि ओलं-सुकं खोबरं यांच्याबाबत पिशवी असलेल्यांनी पुढेही फार सांभाळून राहायचं, कारण हे चावून बारीक होत नाही आणि आतड्याच्या पोटावरच्या तोंडाशी गोळा होऊन अडकतं. म्हणजे आमचा भुट्ट्याचा कीसही गेला. मशरूम, सुकामेवा आणि संत्र्याची पांढरी सालपटं याच यादीत.

दूध जपून. ऑपरेशननंतर काहींना काही दिवस दूध पचत नाही. दही, ताक बहुधा पचतं.

आणि थोडं-थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. तीन मोठी ताटं नकोत. घास बारीक चावणं हेही औषधच आहे. दातांची कवळी सैल असेल तर ती आधी नीट करून घ्या.

ताकद येणार कशी?

माझी ताई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आली. प्रेमानं केलेले, तासभर खपून. डिंक, खारीक, सुकं खोबरं, खसखस, बदाम. वरची न चालणाऱ्यांची यादी पाहा आणि डबा पाहा. जणू यादी समोर ठेवूनच वळले होते. ते मी खाल्ले. वजन माझं वाढलं.

पण ताईचा प्रश्न खरा होता. नुसत्या पेजेवर जखम भरत नाही. भिंत बांधायला विटा लागतात, आणि इथे विटा म्हणजे प्रथिनं. मोठ्या ऑपरेशननंतर साधारण किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. 55 किलोच्या बाईला 65 ते 80 ग्रॅम. आता आपल्या घरचा हिशेब करा. एक अंडं 6 ग्रॅम. 100 ग्रॅम पनीर 18 ग्रॅमच्या आसपास. 30 ग्रॅम मुगाची डाळ, म्हणजे शिजून छान वाटीभर वरण, 7 ग्रॅम. आणि आजारी माणसाला आपण मोठ्या मायेनं देतो ते "डाळीचं पाणी", त्यात जवळजवळ काहीच नाही; डाळ खाली राहते आणि ती घरचे इतर लोक खातात.

आमचं घर अंडं न खाणारं. मग पनीर कुस्करून खिचडीत, घट्ट चक्का, डाळ घोटून दाट वरण, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रोटीन पावडर. तरी 60च्या वर क्वचितच गेलो. हे अवघड आहे, एवढंच सांगतो.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब बदलतो, डॉक्टरांना विचारूनच करावा.

नारळपाणी, मोसंबीचा रस आणि माझी चूक

इथे जरा थांबून वाचा. सगळ्यात जास्त फोन याच विषयावर येतात, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

हिचा जोड अगदी खाली होता. असा जोड भरेपर्यंत त्यावरून मळ जाऊ नये म्हणून लहान आतड्याचा पदर पोटावर उजवीकडे बाहेर काढतात. आमच्या भाषेत बायपास लाईन. याला इलिओस्टॉमी म्हणतात, आणि पोटावरच्या तोंडाला स्टोमा. त्यावर पिशवी चिकटवतात. मोठं आतडं पूर्ण बाजूला पडतं, म्हणजे पाणी आणि मीठ खेचून घेणारा पंपच बंद. पिशवीत जे येतं ते पातळ असतं आणि खारट असतं. सुरुवातीला रोज लिटरभरापर्यंत येणं अपेक्षितच.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी पिशवी भराभर भरायला लागली. मी घाबरलो. पाणी जातंय तर पाणी द्यावं, एवढीच माझी इंजिनियरी. सकाळी नारळपाणी, दुपारी मोसंबीचा रस, मध्ये साधं पाणी, पुन्हा रस. जितकं देत गेलो तितकी पिशवी भरत गेली. सहाव्या दिवशी ही बाथरूमच्या दारात चक्कर येऊन बसली. पायांत गोळे, लघवी गडद आणि जेमतेम. पुन्हा भरती, सलाईन, तीन दिवस.

चूक कुठे झाली ते नंतर एका तरुण डॉक्टरनं समजावलं. काकडीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. दाट गोड रस आतड्यात गेला की तेच होतं. आतड्याच्या भिंतीतून पाणी आत सुटतं आणि पिशवीत येतं. म्हणजे ग्लासभर रस दिला की दीड ग्लास बाहेर. साधं पाणीही फार झालं तर उलटाच गुण: त्यात मीठ नसतं, म्हणून आतडं आपलं मीठ त्यात सोडतं आणि ते मीठ पिशवीतून वाहून जातं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, पण जे जातंय ते सोडियम, म्हणजे साधं मीठ, आणि ते नारळपाण्यात फार थोडं.

मग आत शोषलं काय जातं? लहान आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे की जे सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आले तरच उघडतं. सत्यनारायणाला जसं नवरा-बायकोनं जोडीनं बसावं लागतं, एकट्याला पाटावर घेत नाहीत, तसं. जोडी आत गेली की मागून पाणी ओढलं जातं. ओआरएसची सगळी करामत एवढीच. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रमातून वाटलं आणि मृत्यूंचं प्रमाण एकदम खाली आलं. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आजचं जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण असं: लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड, 2.9 ग्रॅम सायट्रेट. पुडीवर हे आकडे छापलेले असतात, वाचा. मोठी पुडी म्हणजे पूर्ण एक लिटर पाणी. चवीपुरती ग्लासात चिमूटभर टाकून काही होत नाही. कालवल्यावर 24 तासांत संपवायचं. दुकानात "ओआरएस" नाव मिरवणारी फळांच्या चवीची गोड पेयंही मिळत. त्यांच्यात साखर कितीतरी जास्त आणि मीठ कमी, म्हणजे पुन्हा काकडीचाच प्रकार. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनं या प्रमाणात न बसणाऱ्या पेयांना ते नाव वापरायला बंदी केली. तरी फार्मसीतून सरळ पुडीच घ्या.

पण बीपी आहे, मीठ कसं देऊ?

हिला दहा वर्षांपासून रक्तदाब. आमच्या घरी पापडसुद्धा मोजून. त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाले, "खिचडीत मीठ नीट घाला, ताकात मीठ घाला," तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं. इलिओस्टॉमीत मीठ रोज बाहेर जातं. मिठाचं जुनं पथ्य तसंच चालू ठेवलं तर रक्तदाब धोकादायक खाली येऊ शकतो. हिची लघवी वाढवणारी बीपीची गोळी त्यांनी त्या दिवसांत बंद केली. हे माझ्या मनानं करायचं काम नव्हतं, तुमच्याही नाही. पण प्रश्न विचारायचं काम आपलंच: पिशवी आहे, मग या जुन्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या का? आम्हाला पहिल्या डिस्चार्जला हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं.

पिशवीत येणारं दाट करायला भात, केळं, बटाटा, साबुदाणा, दही यांचा उपयोग होतो. दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं तर मात्र स्वयंपाकघरातले उपाय थांबवून फोन करायचा.

पिशवीला हात लावायचा म्हणजे

पहिल्यांदा माझे हात थरथरले. स्टोमा लालबुंद आणि ओला दिसतो, आपल्या गालाच्या आतल्या बाजूसारखा. स्पर्श केला तर दुखत नाही, कारण तिथे दुखण्याच्या नसाच नाहीत. पुसताना क्वचित रक्ताचा थेंब येतो, त्यानं घाबरायचं नाही. काळा-जांभळा पडला तर मात्र लगेच दवाखाना.

पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, वजनानं चिकटपट्टी सुटण्याआधी. त्वचा नुसत्या कोमट पाण्यानं धुवून पूर्ण कोरडी. डेटॉल नको, खोबरेल नको. तेल लागलं की काही चिकटत नाही. भोक स्टोम्यापेक्षा 2-3 मिलिमीटरच मोठं कापायचं, आणि पहिले दीड-दोन महिने दर वेळी मोजून, कारण सूज उतरते तसा स्टोमा लहान होत जातो. जुनंच माप कापत राहिलो तर उघड्या कातडीवर पाचक रस बसतो आणि ती सोलते. आठवडाभर आम्हाला "चिकटपट्टीची ॲलर्जी" वाटत होती, ती खरं तर मापाची चूक होती.

बीट खाल्लं की पिशवी लाल दिसते, लोहाच्या गोळ्यांनी काळी. दोन्ही वेळा माझा जीव उडाला.

वापरलेली पिशवी आधी संडासात रिकामी करायची, मग कागदात गुंडाळून कचरागाडीच्या सॅनिटरी कप्प्यात. इंदुरात कचरा सहा प्रकारांत वेगळा द्यावा लागतो, त्याचा या बाबतीत मोठा आधार. शेजाऱ्यांसमोर तो पुडा टाकताना हिला फार संकोच वाटायचा. मग सकाळी गाडीचं गाणं वाजलं की तो पुडा मी न्यायचो, डायपरचे पुडे घेऊन येणाऱ्या सूनबायांच्या रांगेत.

इसबगोल, त्रिफळा, एरंडेल?

माळव्यात हे विचारलं जाणारच. नीमचच्या मंडीतून देशभर इसबगोल जातं आणि आपल्या प्रत्येक कपाटात पुडा असतोच. इसबगोल पाणी शोषून फुगतं. काहींना डॉक्टर ते मुद्दाम देतात, पण ताज्या, सुजलेल्या जोडाजवळ फुगणारी वस्तू आपल्या मनानं देऊ नये. त्रिफळा, एरंडेल, कुठलंही जुलाबाचं औषध किंवा एनिमा तर सर्जनना विचारल्याशिवाय अजिबात नाही. "आमच्या काकांना गुण आला" म्हणणाऱ्याला विचारा, काकांचा कोणता भाग काढला होता?

सकाळपर्यंत वाट पाहू नये अशा गोष्टी

ताप किंवा थंडी वाजणं, पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाणं, पोट टम्म फुगून उलट्या होणं. पिशवीत चार-सहा तास काहीच न येणं आणि सोबत मुरडा. आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा. लघवी अगदी कमी, उभं राहिलं की अंधारी. एकाच पायाची पोटरी सुजणं-दुखणं किंवा अचानक धाप, ही रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती टाळायलाच रोज चालवतात. आतड्यांच्या आपसात चिकटण्यामुळे होणारा अडथळा वर्षांनंतरही येऊ शकतो, म्हणून फुगणं आणि उलट्या ही जोडी कायम लक्षात असू द्या.

वजन उचलणं सहा आठवडे बंद. भरलेली बादली 15 किलोची असते. ही म्हणायची, "अहो, कुकरच तर उतरवतेय." पाच लिटरचा भरलेला कुकरही नाही. पोटाचे स्नायू भरण्याआधी जोर पडला तर हर्निया होतो.

आपण पहारेकरी नाही

माझी एक वही होती. डाव्या पानावर काय आणि किती पोटात गेलं, उजव्या पानावर पिशवीत किती आलं, लघवी किती वेळा, वजन किती. डॉक्टरांना त्या वहीचा एवढा उपयोग झाला की पुढच्या भेटीत त्यांनी आधी तीच मागितली.

पण वहीनं मला बिघडवलंही. जेवताना मी समोर पेन घेऊन बसायचो. "चारच घास? काल सहा झाले होते." एके दिवशी हिनं ताट सरकवलं आणि म्हणाली, "तुम्ही मीटर रीडिंगला आलाय का?" 31 वर्षांच्या नोकरीवर एवढी नेमकी टीका कुणी केली नव्हती.

ऑपरेशननंतर चव बदलते, भूक मरते, जेवायची धास्ती वाटते, कारण खाल्लं की दुखतं हे शरीरानं शिकून घेतलेलं असतं. आग्रह केला की ती धास्ती वाढते. आम्ही तोडगा काढला तो असा: वही स्वयंपाकघरात राहील, टेबलावर येणार नाही; ताटात काय वाढायचं ते मी ठरवीन, किती खायचं ते ही ठरवील. आणि मीही तेच जेवीन. मऊ खिचडीसमोर बसून दुसऱ्यानं फोडणीचं वरण आणि लोणचं खाणं मला तरी जमलं नाही. भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगायचो, कचोरी-नमकीन नको, सफरचंदं नको. आणायचंच असेल तर तासभर वेळ आणा, मला फार्मसीत जायचंय. बहुतेकांना बरंच वाटलं. काही रुसले.

एक गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. पिशवी लागल्यावर ही महिनाभर दुसऱ्या खोलीत झोपली. वास येईल, गळेल, या भीतीनं. पिशवी नीट बसली असेल तर वास येत नाही. पण हे सांगून पटत नाही, शेजारी झोपून पटतं.

पिशवी बंद झाली, म्हणजे संपलं?

नाही. तीन महिन्यांनी तपासणी करून हिचा स्टोमा बंद केला, आतडं पुन्हा आत गेलं. आम्ही पेढे वाटले आणि दुसऱ्या आठवड्यात ही रडकुंडीला आली. दिवसातून दहा-बारा वेळा, कधी तासाभरात चारदा, आणि लागली की थांबवता न येणं. टाकी नाही, हे आधी लिहिलंच आहे. इतके महिने रिकामा राहिलेला भाग पुन्हा कामाला लागायला वेळ घेतो. पहिल्या वर्षात बहुतेकांचं बरंच सुधारतं, थोडं कायम राहतं. ओटीपोटाच्या तळाचे, म्हणजे संडास रोखून धरणारे, स्नायू आवळण्याचे व्यायाम, ठरावीक वेळी जेवण, डॉक्टरांनी दिलेली संडास मंद करणारी गोळी, आणि चोथा पुन्हा वाढवताना एका वेळी एकच नवा पदार्थ, दोन-तीन दिवस पाहून मग पुढचा. आधी शिजलेली पालेभाजी, मग पोळी, मग भाकरी. कोशिंबीर सगळ्यात शेवटी.

आता ही दिवसातून तीन-चार वेळा जाते. मागच्या महिन्यात सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गेलो. तिथे पोचल्यावर आधी आम्ही सुलभ शौचालय कुठे आहे ते पाहून घेतलं, मग दहीवडे. ही सावकाश चावत दीड वडा खाऊन थांबली, भुट्ट्याच्या कीसाच्या कढईपाशी मिनिटभर उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला एक चमचा. वहीत लिहून ठेवा."